लॅपटॉपचा फेरफार

दिवाळीच्या सुट्ट्यांत गावी गेली होती, दारव्हा तालुक्यात आमचं गाव, तर पहिल्याच सकाळी बाबांनी लॅपटॉप माझ्या पुढ्यात आणून ठेवला. म्हणे, "बाई, हे पाय बरं, हा रोज मले दुसऱ्याच्याच नावानं रामराम घालते." पाहिलं तर खरंच, लॉगिनच्या स्क्रीनवर एका अनोळखी पोराचं नाव आणि त्याखाली पिन टाकायची जागा. पिन बाबांचा. नाव भलत्याचंच. सात वर्षं लॅपटॉप घरात आहे, सात वर्षं ते नाव तिथंच आहे, आणि घरातल्या एकालाही काही वाटलं नाही! दादा म्हणे, मले वाटलं कंपनीच्या मालकाचं नाव असंन.

झालं होतं असं की २०१८ ला कापसाचे पैसे आले तेव्हा बाबा न दादा यवतमाळला जाऊन हा घेऊन आले. दुकानातल्या पोरानं तिथंच चालू करून दिला. चालू करताना विंडोज ईमेल मागते, बाबांकडे ईमेल कुठचा, दादाचा होता पण त्याचा पासवर्ड दादाला आठवेना, मागं गिऱ्हाइकं उभी, शेवटच्या गाडीची घाई, तर त्या पोरानं स्वतःचाच ईमेल टाकून दिला आणि पिन तेवढा बाबांना विचारून ठेवला. वाईट काही नव्हतं त्याच्या मनात, उलट मदतच केली बिचाऱ्यानं. पण त्या दिवसापासून लॅपटॉप घरात आमच्या, वहिवाट आमची, आणि सातबारा त्याच्या नावावर.

आता इतके दिवस चाललं तर आताच काय बिघडलं, तर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मध्ये दोनदा विंडोजनं ओळख पटवा म्हणून कोड मागितला आणि तो कोड कोणाच्या तरी मोबाईलवर गेला, आमच्या नाही. दोन्ही वेळा दादानं ती खिडकी बंद केली आणि विषय संपवला. दुसरं म्हणजे खाली कोपऱ्यात तो निळा ढग आहे ना, वनड्राइव्ह, म्हणजे फाईली इंटरनेटवर ठेवायची मायक्रोसॉफ्टची कोठी, तो रोज म्हणे जागा भरली, जागा भरली. बाबा रोज फुली मारत. मी ढगावर क्लिक करून पाहिलं आणि मले घामच फुटला. कधीतरी कुठल्यातरी अपडेटनंतर बॅकअप घ्यायचा का म्हणून विचारलं असणार आणि कोणीतरी नेक्स्ट नेक्स्ट दाबलं असणार, त्यामुळे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या आत जाऊन बसले होते. म्हणजे घरचे सगळे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, आठ-अ, पीकविम्याच्या पावत्या, बँकेच्या पासबुकाचे फोटो, सगळं त्या पोराच्या खात्यात वर चढत होतं. फुकटची ५ जीबी संपली तेव्हाच थांबलं, नाहीतर अजून चढलं असतं.

जुन्या बिलावर दुकानाचा नंबर होता, तिथून त्या पोराचा नंबर मिळाला. आता तो दुसरीकडे स्वतःचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान चालवते. मी ओळख सांगितली तर हसूनच म्हणाला, "ताई, मले वाटलंच होतं कधीतरी तुमचा फोन येईन. तुमच्या घरचा पोळा मले दरवर्षी दिसते."

म्हटलं, म्हणजे?

तर त्याच्या मोबाईलमध्ये तेच खातं आहे, आणि 'या दिवशी' म्हणून जुने फोटो वर येतात ना, तसे त्याला आमच्या घरचे फोटो येत होते. आमचे बैल, आमची आजी, दादाच्या लग्नातली हळद. त्याला कळत नव्हतं कोणाचे आहेत, त्यानं कितीतरी लॅपटॉप असेच चालू करून दिले होते म्हणे. वहिनी बाजूलाच उभी होती, तिनं कपाळावर हातच मारला, "अगं बाई, त्यात माह्ये ब्लाऊजच्या मापाचे फोटो असतीन!"

तो पोरगा भला होता. म्हणाला, ताई आत्ताच सगळं डिलीट करून टाकतो. मी जवळजवळ ओरडलीच, थांबा, हात नका लावू! कारण वनड्राइव्ह जोडलेला असताना त्यानं तिकडून उडवलं असतं तर इकडे लॅपटॉपमधूनही उडालं असतं. वरच्या रीसायकल बिनमध्ये ३० दिवस राहते ते, पण ती उठाठेव कोण करणार. त्याला म्हटलं चार दिवस द्या, मी सांगते तेव्हा डिलीट करा. हो म्हणाला.

तर काम ठरलं. बाबांच्या नावाचं नवीन खातं काढायचं आणि जुन्यातलं सगळं त्यात आणायचं. दादा म्हणे त्यात काय, पेनड्राइव्हमध्ये टाक न काढ. त्यानं करूनही पाहिलं, लग्नाचा व्हिडिओ ६ जीबीचा, पेनड्राइव्ह ३२ जीबीचा पूर्ण रिकामा, तरी म्हणते फाईल मोठी आहे. पेनड्राइव्हचा काही दोष नाही, तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट होता आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही, भले बाकी जागा कितीही मोकळी असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की बसते. पण मुळात पेनड्राइव्हची गरजच नव्हती, दोन्ही खाती एकाच डिस्कवर, सी ड्राइव्हमध्ये युजर्स नावाच्या फोल्डरात शेजारी शेजारी राहतात, एकाच वाड्यातल्या दोन खोल्यांसारखी. मी आधी माझ्या हार्डडिस्कवर एक कॉपी काढून ठेवली, ती फक्त मनाच्या समाधानासाठी, आणि तिनं पुढं खरंच कामही दिलं.

पहिली अडचण ढगाची. वनड्राइव्हमध्ये काही फाईलींपुढे हिरवी खूण होती, काहींपुढे नुसता ढग. ढग म्हणजे ती फाईल लॅपटॉपमध्ये नाहीच, दिसते फक्त नाव, माल सगळा वर. हे माहीत नसलं तर माणूस फसते, कारण नवीन खात्यातून या फाईली कॉपी करायला गेलं की एरर येते, जुन्या खात्यातला वनड्राइव्ह तिथं चालू नसतो ना. म्हणून जुन्याच खात्यात बसून, फोल्डरवर राइट क्लिक करून, 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करावं लागते आणि सगळं उतरेपर्यंत थांबावं लागते.

उतरवायचे होते ३ जीबीच्या वर. आमच्या गावात वायफाय नाही, मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि ज्याच्या त्याच्या पॅकमध्ये दिवसाला दीड जीबी. माझा संपला. मग दादाचा घेतला, तो अर्धा त्यानं आधीच रील पाहण्यात घालवला होता. मग बाबांचा. रात्री १२ वाजले की नवीन डेटा मिळते म्हणून मी जागत बसली, आणि नेटवर्क फक्त माडीवरच्या खिडकीत धरते, तर मोबाईल खिडकीच्या गजाला रुमालानं बांधलेला, लॅपटॉप धान्याच्या कोठीवर, आणि मी पोत्यावर बसून एक एक ढग हिरवा होताना पाहून राहिली. मायनं एकदा येऊन पाहिलं, म्हणे, "काहून व जागून राहिली, परीक्षा हाये काय?"

सगळं हिरवं झालं तेव्हा वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन 'अनलिंक धिस पीसी' केलं. तिथं नाळ तुटली. मग त्या पोराला मेसेज केला, आता खुशाल उडवा.

नवीन खातं काढणं तसं पाच मिनिटांचं काम, पण विंडोज सरळ रस्त्यानं जाऊ देत नाही. सेटिंग, अकाउंट्स, तिथं दुसरा माणूस जोडा म्हटलं की पहिलं परत ईमेलच मागते. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असते की या माणसाची साइन-इनची माहिती माझ्याकडे नाही, त्याच्यावर क्लिक करायचं, मग परत बारीक अक्षरात, मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडा. तिथं नाव न पासवर्ड. नाव इंग्रजी अक्षरात, छोटं, मध्ये जागा न सोडता टाकलं, कारण त्याच नावाचा फोल्डर तयार होते आणि नंतर तुम्ही खात्याचं नाव कितीही बदला, फोल्डरचं नाव बदलत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ईमेलनं खातं काढलं तर ईमेलची पहिली पाच अक्षरं फोल्डरचं नाव होतात, आमच्याकडे सात वर्षं त्या पोराच्या नावाचा असा अर्धा तुकडा प्रत्येक फाईलच्या पत्त्यात होता. बँकेच्या फॉर्मसाठी फाईल निवडताना मी तो कितीदा पाहिला असंन आणि मलेही कधी प्रश्न पडला नाही, तर बाबांले काय बोलू.

पासवर्ड टाकला की तीन प्रश्न विचारते, विसरलात तर कामी येतील म्हणून. पहिला, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय.

बाबा विचारात पडले. "बैल चालते काय?"

"चालते ना."

"मंग पवन्या." आणि मग पवन्याची पूर्ण कथा, कसा आर्णीच्या बाजारातून आणला, कसा डवऱ्याला जुंपला की मान झटकायचा, कसा एकटाच वावरातून घरी यायचा. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं मीच टाकली आणि बाबांच्या डायरीत लिहून ठेवली. खातं झाल्यावर त्याला ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळे हक्क असलेला कारभारी, करणं विसरू नका, नाहीतर पुढं दर पावलाला जुन्या खात्याचा पासवर्ड मागेल. आणि एकदा तरी नवीन खात्यात लॉगिन करून बाहेर या, पहिल्या लॉगिनपर्यंत त्याचा फोल्डरच तयार झालेला नसते, मग माणूस शोधत बसते की टाकू कुठं.

मग नवीन खात्यातून जुन्याचा फोल्डर उघडला, तर म्हणे तुम्हाला परवानगी नाही. घाबरायचं नाही, कंटिन्यू दाबायचं, ॲडमिन असलो की ते आपल्याला आत घेते, हिरवी पट्टी थोडी वेळ खाते. दादा म्हणे आता कट मारून पेस्ट कर, लवकर होईन. लवकर तर होईनच, कारण एकाच ड्राइव्हमध्ये कट-पेस्ट केलं की फाईल जागची हलतच नाही, फक्त पत्ता बदलते. पण तिच्यावरच्या जुन्या परवानग्याही तशाच सोबत येतात. कॉपी केली की नवीन फाईल बनते आणि ती नवीन घराचे नियम पाळते. म्हणजे कट म्हणजे नुसता ताबा आणि कॉपी म्हणजे फेरफार, कागदावर नावच बदलणं, असं मी दादाला सांगितलं तेव्हा त्याले लगेच पटलं, आमचा स्वतःचा फेरफार तलाठ्याकडं अडला होता तेव्हा यानंच चकरा मारल्या होत्या.

कॉपी करताना आख्खा युजरचा फोल्डर उचलून आणायचा नाही बरं का. त्यात विंडोजच्या स्वतःच्या फाईली असतात, एनटीयूजर नावाची तर हमखास, ती नवीन खात्यावर आणून आपटली की नवीन खातंही बिघडते. डॉक्युमेंट्सच्या आतलं डॉक्युमेंट्सच्या आत, पिक्चर्सच्या आतलं पिक्चर्समध्ये, असं एक एक. आमचे ५४ जीबी होते, हार्डडिस्क जुनी, तासभर तर सहज. अर्ध्यात लाइन गेली. बॅटरी तर कधीचीच मेलेली, चार्जर हाच तिचा प्राण, तर लॅपटॉप पटकन काळा. लाइन आल्यावर परत कॉपी लावली, आधीच असलेल्या फाईली वगळा म्हटलं, आणि शेवटी दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाईलींची संख्या न साइज जुळवली. एका फोल्डरची साइज जुळेना. लाइन गेली तेव्हा जी फाईल चालू होती ती अर्धवट पडली होती, नाव तेच असल्यामुळे 'वगळा' मध्ये तीही वगळली गेली. ती हार्डडिस्कवरून आणली. रात्री मोजूनच झोपली, बाबा कापूस मोजतात तसं.

मले वाटलं झालं काम.

सकाळी सहाला बाबांचा आवाज, "बाई, माह्यं पिवळं पान कुठी गेलं?"

पिवळं पान म्हणजे स्टिकी नोट्स. डेस्कटॉपवर ते पिवळे चौकोन चिकटवतात ना, त्यात बाबांचा कापसाच्या आख्ख्या वेचणीचा हिशेब होता. रोज संध्याकाळी काट्यावर गाठोडी मोजली की बायांची नावं, पुढं किलो, एकीपुढं ३८, एकीपुढं साडे एकेचाळीस, मध्येच कोणाची ५०० ची उचल, कोणी अर्ध्या दिवसानं गेली असेल तर तिच्यापुढं टिंब. वही ठेवत नाहीत, म्हणे वही हरवते. मी डेस्कटॉपचा आख्खा फोल्डर कॉपी केला होता, पण स्टिकी नोट दिसते डेस्कटॉपवर आणि राहते भलतीकडेच. बाजाराचा दिवस दुसऱ्या दिवशी, म्हणजे बायांच्या मजुरीचा चुकारा करायचा होता, आणि बाबांचा चेहरा असा की जुनं खातं मी चुकून उडवलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करत नाही.

ते सगळं ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असते. व्ह्यू मध्ये जाऊन लपलेल्या वस्तू दाखवा म्हटल्यावर दिसते. तिथं लोकल, त्यात पॅकेजेस, त्यात स्टिकी नोट्सचा लांबलचक नावाचा फोल्डर, त्यात लोकलस्टेट, आणि तिथं 'प्लम' नावाची फाईल, डॉट एसक्यूलाइट. तिच्यासोबत त्याच नावाच्या अजून दोन छोट्या असतात, त्याही घ्यायच्या. नवीन खात्यात स्टिकी नोट्स एकदा उघडून बंद करायचं, मग त्याच जागी या फाईली नेऊन टाकायच्या. उघडलं, आणि पिवळी पानं जशीच्या तशी. बाबांनी खुर्ची ओढून प्रत्येक नाव वाचून पाहिलं, बोट लावून.

मग एक एक निघतच गेलं. दादा बचत गटाचे न मंदिराच्या समितीचे कागद टाइप करून देते, सगळे कृतिदेवमध्ये. नवीन खात्यात उघडले तर अक्षरांच्या जागी इंग्रजी खिचडी. कृतिदेवमध्ये मराठी नुसती दिसायला असते, आत सगळी इंग्रजीचीच अक्षरं, फॉन्ट नसला की सोंग उघडं पडते. फॉन्ट तर लॅपटॉपमध्ये होता, मग गेला कुठं? तर विंडोज १० मध्ये फॉन्टवर राइट क्लिक करून साधं इन्स्टॉल केलं की तो फक्त त्याच खात्यापुरता बसते. 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' म्हणून वेगळं आहे ते दाबायचं. दाबलं, मराठी आली. मराठीचा कीबोर्डही नवीन खात्यात वेगळा जोडावा लागला.

क्रोमचं सांगते, कारण इथं मीही चुकली. क्रोमचा आख्खा फोल्डर ॲपडेटातून उचलून आणला, बुकमार्क आले, पासवर्ड एकही चालेना. ते पासवर्ड विंडोजच्या त्या त्या खात्याच्या किल्लीनंच कुलूपबंद असतात, फोल्डर नेला तरी किल्ली तिकडेच. मग जुन्या खात्यात परत जाऊन क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून फाईल एक्सपोर्ट केली, इकडे इम्पोर्ट केली, आणि ती फाईल लगेच कायमची उडवली कारण तिच्यात सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. उडवायच्या आधी वहिनीनं वाचून घेतली, दादाचा पासवर्ड तिच्या माहेरच्या गावाचं नाव निघालं. दोन दिवस घरात तेच चाललं.

सगळ्यात शेवटी वॉलपेपर. जुन्या खात्यात आजीचा फोटो होता, धुऱ्यावर बसलेली, मागं कापसाची पऱ्हाटी फुटलेली पांढरी शुभ्र, काष्टा घातलेला, आणि हातात पाण्याची बरणी. नवीन खात्यात विंडोजची निळी खिडकी. मूळ फोटो लावू म्हटलं तर सापडेचना. पिक्चर्समध्ये नाही, डाउनलोड्समध्ये नाही, मोबाईल बदलले त्यात गेला, आणि दादा हळूच म्हणे, मागं साफसफाई केली होती डाउनलोड्सची. आजी जाऊन चार वर्षं झाली. दुसरी प्रत कोणाकडेच नाही.

पण स्क्रीनवर दिसतो म्हणजे कुठंतरी आहेच ना. विंडोज वॉलपेपरची स्वतःची एक प्रत करून ठेवते. ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, थीम्स, तिथं 'ट्रान्सकोडेड वॉलपेपर' नावाची फाईल असते, नावाच्या पुढं डॉट-बिट काहीच नाही, म्हणून फोटोसारखी दिसत नाही आणि शोधली तरी फोटोंमध्ये येत नाही. ती कॉपी केली, नावापुढं डॉट जेपीजी जोडलं, उघडली. आजी. मोबाईलच्या मूळ फोटोइतका साफ नाही, पण बरणीवरचं झाकण दिसते एवढा तरी. बाबा मागं उभे होते, मले कळलंच नाही केव्हा आले. म्हणे, "झाकण लाल होतं पाय तिचं." फोटोतही लालच होतं.

जुनं खातं मी अजून काढलेलं नाही. तिथं खातं काढायचं बटण दाबलं की त्याच्या सगळ्या फाईलीही जातात, आणि मले आता कशाचाच भरवसा नाही, निदान पुढच्या पोळ्यापर्यंत पडू दे म्हटलं. लॅपटॉप जुनाच आहे, सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही आणि १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तर तसाही त्याचा काही वर्षांत निकाल लागणार. त्या पोरानं त्याच्याकडचं सगळं उडवल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली लिहिलं होतं, ताई, आता पोळ्याले चुकल्यासारखं वाटंन.

परवा बाबांचा फोन आला, आवाज एकदम खाली. म्हटलं आता काय राहिलं. तर पत्त्याच्या खेळात, दुपारी वावरातून आल्यावर ते खेळतात तो, त्यात त्यांची जी काय लेव्हल झाली होती सात वर्षांत ती नवीन खात्यात एकवर आली. मी पाहिलं, ती मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याशी बांधलेली असते, फाईल उचलून आणता येत नाही. ती लेव्हल तेवढी त्या पोराच्याच नावावर राहिली.